सर्किट बेंचचा हिशोब झाला. विद्यापीठाचा कधी मांडणार?

शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेला (सिनेटला) खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच, म्हणजे सहा जिल्ह्यांचे दावे इथेच ऐकणारे कोर्ट, सुरू झाले, त्या आठवड्यातली गोष्ट. माझा एक जुना दोस्त दुकानात आला. त्याचेही झेरॉक्सचेच दुकान, पण शाहूपुरीत. गाडी स्टँडला लावायच्या आधीच ओरडला, "अरे, तू अजून हितंच? सीपीआर दवाखान्यासमोर, कोर्टाजवळ गाळा बघ की मर्दा. आता सगळा पैसा तिकडं." वहीच्या मागच्या पानावर त्याने हिशोबच मांडून आणला होता. सहा जिल्ह्यांचे पक्षकार, त्यांचे वकील, एका तारखेला एक मुक्काम, दोन वेळचे जेवण, रिक्षा, आणि एकेका दाव्याची शेकड्यांनी पाने. पानांवर त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. बेंचसाठी या गावाने चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केले. १७ ऑगस्टला उद्घाटन झाले तेव्हा मीही दुकानात पेढे वाटले. त्या पंधरवड्यात लॉजवाले, खानावळवाले, जागेचे एजंट, टॅक्सीवाले, ज्याला त्याला आपापला आकडा पाठ होता. कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. मला त्यात एकच गोष्ट लागून राहिली. बेंचमुळे गावात किती पैसा खेळणार हे ज्या गावाला आठ दिवसांत उमगले, त्या गावाने १९६२ पासून आपल्या दारात असलेल्या विद्यापीठाला हा प्रश्न घातल्याचे मी तरी कधी ऐकले नाही. विद्यापीठ म्हटले की आपल्याकडे दोनच विषय निघतात. एक निकाल कधी लागणार, आणि दुसरा शासनाने अनुदान किती दिले. म्हणजे विद्यापीठ कायम खर्चाच्या बाजूला.

मी कोण, हे सांगतो. सागरमाळाच्या बाजूला, विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर माझे झेरॉक्स, टायपिंग आणि बायंडिंगचे दुकान आहे. त्याआधी मी याच विद्यापीठाचा विद्यार्थी. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीतून आलो, पदवी गारगोटीला झाली, आणि १९८९ मध्ये एम. ए. अर्थशास्त्राला इथे प्रवेश घेतला. राहायला 'कमवा आणि शिका' योजनेच्या वसतिगृहात. दुपारी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे, सकाळी तास, रात्री अभ्यास. डिंकाचा वास अजून नाकात आहे, आणि बघा, पोटाचा धंदाही डिंकाचाच निघाला. नोंदणीकृत पदवीधर म्हणून तुमच्यापैकी दहा जणांना निवडून देणाऱ्यांत माझे एक मत आहे. त्या एका मताच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे. मार्चमध्ये तुम्ही अर्थसंकल्पाला बसाल, त्याआधी ते वाचावे ही विनंती.

माझे मागणे एकाच कागदाचे आहे. ते शेवटी सांगतो. आधी तो कागद का हवा ते.

१८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते हे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा चीनबरोबरचे युद्ध चालू होते. सीमेवर माणसे पडत होती आणि इकडे एका माळावर विद्यापीठाचा नारळ फुटत होता. कुणीतरी म्हणालेच असेल, ही काय वेळ आहे? सुरुवात ३४ महाविद्यालये आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी एवढ्यावर झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे माणूस, पण बघितले ते पुढचे. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीनच जिल्ह्यांत विद्यार्थ्यांचा आकडा दोन लाखांच्या पुढे आहे. सोलापूर २००४ मध्ये वेगळे झाले, त्यानंतरची ही गोष्ट. माळ ८५३ एकरांचा आहे आणि त्याच्या चारी बाजूंनी जी वस्ती उभी राहिली, तिचा नकाशा काढला तर विद्यापीठ मधोमध येते. राजारामपुरीच्या शेवटच्या गल्ल्या, सायबर चौक, राजेंद्रनगर, तिकडे सरनोबतवाडी, उजळाईवाडीपर्यंत. घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या जास्तीच्या काढायच्या आणि गेटवर 'मुलींसाठी कॉट मिळेल' अशी पाटी लावायची, हा आमच्या भागातला सगळ्यात खात्रीचा धंदा. कित्येक रिटायर माणसांची पेन्शन म्हणजे ती पाटी.

आता हिशोब. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक पथ्य पाळावे लागेल. नुसता गल्ला मोजून चालत नाही. राजारामपुरीतले पोर विद्यापीठाच्या दारात चहा प्यायले, तर तो चहा ते एरवी घराजवळच्या टपरीवर प्यायलेच असते. तो पैसा गावातलाच, गावात फिरला, विद्यापीठाने आणला नाही. माझ्या शाहूपुरीच्या दोस्ताने बेंचचा हिशोब मांडताना हीच गफलत केली होती, कोल्हापूरचे पक्षकारही त्याने पाहुण्यांत धरले होते. विद्यापीठाचा हिशोब करताना ती गफलत करायची नाही.

खरा मोजायचा पैसा कुठला? मुंबईहून प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या रूपाने येतो तो. तो शासनाच्या तिजोरीतून निघतो आणि आमच्या भागातल्या किराणा दुकानात, दूधवाल्याकडे, शाळेच्या फीमध्ये, घराच्या हप्त्यात उतरतो. दुसरा, जतहून, खटावहून, पाटणहून आलेल्या पोरांचा. एका मुलीचे कॉट, मेस, जाण्यायेण्याचा पास आणि सटरफटर धरून महिन्याला पाच-सहा हजार धरा. ते तिच्या बापाने द्राक्षाचे, नाहीतर दुधाचे केलेले पैसे, आणि ते या गावात आले. तिसरा पैसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूरचा जो मुलगा इथे एम. एस्सी.ची सोय आहे म्हणून पुण्याला गेला नाही, त्याचा. पुण्यात कॉटला काय पडते ते पोरांच्या बापांना विचारा. तो खर्च झालाच नाही, म्हणून कुठल्याच वहीत दिसत नाही. न गेलेला पैसा मोजणे सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर २०२० आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दोन दिवसांत पोरे पिशव्या घेऊन गेली. कॉटवर गाद्या तशाच. आमच्या शेजारी एक काकू मेस चालवायच्या, सकाळ-संध्याकाळ मिळून ऐंशी डबे. पोळ्या लाटायला चार बायका. त्या चौघींपैकी तिघी उंचगावहून चालत यायच्या. मेस बंद पडली तेव्हा त्या चौघींच्या चुली, त्यांना पीठ देणारा गिरणीवाला, भाजीवाली, गॅसचा पोऱ्या, सगळे एका माळेत ओवल्यासारखे बसले. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टात चालला होता आणि टीव्हीवर तो विद्यार्थी विरुद्ध शासन असा दिसत होता. आमच्या गल्लीत तो वेगळाच होता. इथे काकू रोज विचारायच्या, "पोरं येणार का हो?" त्यांना परीक्षेशी देणेघेणे नव्हते. त्यांनी पुढच्या वर्षी मेस पुन्हा काढली, पण पस्तीस डब्यांवर. चारपैकी दोन बायका परत आल्या. माझ्या दुकानात मी दोन मशिनपैकी एक विकले ते तेव्हाच. विद्यापीठ बंद पडल्यावर काय होते, याचा एवढा धडधडीत प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाला आणि त्याचे टिपण कुणी ठेवले नाही. अर्थशास्त्र विभागाच्या पोरांना त्याच वर्षी गल्ल्या वाटून दिल्या असत्या तर आज आपल्याकडे मोलाचा ऐवज असता.

पैशाचे एवढे पुरे. पैसा हा हिशोबाचा सोपा भाग आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, गुळाचा बाजार मोठा केला. १९०१ पासून त्याच माणसाने बोर्डिंगे, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहे, काढायला घेतली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, एकामागून एक. १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या. आपण या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो, व्यापार एकीकडे आणि समाजसुधारणा एकीकडे. मला वाटते त्यांच्या डोक्यात तो एकच धडा होता. पेठ चालायला माल लागतो, राज्य चालायला शिकलेली माणसे लागतात, आणि ती माणसे फक्त वरच्या चार घरांतून येऊन भागणार नाही. जैन बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. एका बोर्डिंगवर झालेला खर्च असा फिटला. कुठल्या लेखापरीक्षकाने तो कुठल्या रकान्यात धरला असता?

या धाग्याचे आत्ताचे टोक माझ्या काउंटरवर रोज दिसते. प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला मुली येतात, बरोबर आई नाहीतर भाऊ. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर. आईला सही करायला सांगितली तर ती अंगठा पुढे करते आणि मुलगी पटकन तिचा हात धरून म्हणते, "अगं, सही येते की तुला, काढ." हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितले आहे. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड, आजरा. त्या मुलीला पुण्याला कुणी पाठवले नसते. मुंबईला तर नाहीच. एसटीने येता येते, शनिवारी घरी जाता येते, ओळखीच्या कुणाच्या तरी शेजारी कॉट मिळते, एवढ्यावर तिचे एम. ए., एम. एस्सी. अडलेले असते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची शिक्षण शुल्काची माफी झाली, या दोन्हींचा उपयोग आहेच. पण विद्यापीठच तीनशे किलोमीटरवर असते तर अर्धे तिकीट घेऊन ती कुठे गेली असती?

आता जे खुपते ते. तुम्ही घरची माणसे, म्हणून तुमच्याशी बोलतो.

बायंडिंगवाला सगळ्यांचे प्रबंध बघतो. वाचतो असे म्हणणार नाही, पण पाने लावताना डोळे कुठे झाकायचे? रेक्झिनचे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे, पूर्वी चार-पाच प्रती करायचे. गुऱ्हाळघरांचे अर्थकारण, यंत्रमाग कामगारांचे आरोग्य, ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण, पंचगंगेचे पाणी, फाउंड्रीतली वाळू. माझ्या या लहान दुकानातून तीनही जिल्ह्यांच्या दुखण्यांची केसपेपरसारखी जाडजूड फाइल गेलेली आहे. पुढे तिचे काय होते? एक प्रत बॅ. खर्डेकर ग्रंथालयात, एक गाइडच्या कपाटात, आणि पीडीएफ 'शोधगंगा' या प्रबंधांच्या सरकारी संकेतस्थळावर. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला वापरलेल्या वाळूचे काय करायचे हा रोजचा प्रश्न आहे, ढीग कुठे टाकायचा यावरून भांडणे होतात, आणि त्या वाळूवर प्रबंध लिहिणारा पोरगा शिरोलीपासून सात-आठ किलोमीटरवर बसलेला असतो. दोघे माझ्या दुकानात एकाच वेळी उभे राहिलेलेही मी बघितले आहेत. एक बिलबुक छापायला आलेला, एक प्रबंध बांधायला. दोघांची मान आपापल्या मोबाइलमध्ये.

हे एकट्या विद्यापीठावर ढकलणे बरोबर नाही. उद्यमनगरचा कारखानदार हातात पाना घेऊन शिकलेला, त्याला प्राध्यापकाची इंग्रजी भाषा ऐकली की कंटाळा येतो. प्राध्यापकाला कारखानदाराने 'नमुना तपासून उद्या सांगा' म्हटले की अपमान वाटतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांच्या मध्ये रिंगरोड. विद्यापीठात महागड्या तपासणी यंत्रांचे सामायिक केंद्र आहे, ते बाहेरच्यांचेही नमुने तपासते. पण हुपरीचा चांदीवाला किंवा इचलकरंजीचा कापड प्रोसेसवाला तिथे किती वेळा गेला? गेला नसेल तर दर जास्त म्हणून, अर्ज इंग्रजीत म्हणून, की तिथे काय होते हेच त्याला माहीत नाही म्हणून? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने तसलीच चप्पल रॅम्पवर दाखवली तेव्हा आपण सगळे चवताळून उठलो, मीही स्टेटस ठेवला. पण चामडे कमावणारा आणि पट्टा वळणारा हात आज कुठल्या वयाचा आहे, त्याच्या पोराने तो धंदा का सोडला, हे नीट विचारायला गावोगाव कोण जाणार होते? स्टेटस ठेवणारे तर नव्हेत.

नव्या शैक्षणिक धोरणात आता 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि 'फील्ड प्रोजेक्ट' आले. कल्पना सोन्यासारखी. पण त्याचे अहवाल छापायला माझ्याकडे येतात, म्हणून मला आतले माहीत आहे. एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फाइली पडायला लागतात आणि चौथ्या फाइलपासून मला मजकूर पाठ होतो. कंपनीचे नाव बदललेले, प्रस्तावना तीच, आभार तेच, एकदा तर आधीच्या पोरीचे नाव आभारात तसेच राहिले होते. मी फोन करून सांगितले, "बाळ, तू तुझ्या स्वतःच्या वडिलांचे आभार मानलेले नाहीस." पोरांना दोष द्यायला सोपे आहे. हजारो पोरांना एकदम खरी कामे कोण देणार, हे कुणी ठरवले नाही, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात माझ्या दारात येतात.

आणि खरी कामे तर इथे पायलीला पन्नास पडलेली आहेत. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा तेवढीच चढली. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, गावाची रसद तुटली. कुठल्या गल्लीत, कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आले याच्या खुणा लोकांनी भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवल्या आहेत. शुक्रवार पेठेपासून शिरोळपर्यंत त्या खुणांची उंची मोजून नकाशा करायला भूगोलाच्या पोरांचे एक वर्ष पुरेल. तो त्यांचा फील्ड प्रोजेक्ट, आणि पुढच्या पुरात तो नकाशा तहसीलदाराच्या टेबलावर. रंग देताना या खुणा पुसल्या जातात, हे लक्षात ठेवा. दर दिवाळीला थोड्या थोड्या जातात.

विद्यापीठाला हे जमत नाही असे कोण म्हणेल? २०१९ च्या पुरात शहराची उपसा केंद्रे बुडाली आणि कोल्हापूर पाण्यात असून पाण्याविना बसले. त्या दिवसांत टँकर कुठे भरले? विद्यापीठाच्या आवारात. तो माळ एकेकाळी उन्हाळ्यात भाजून निघायचा. उतारावरचे पावसाचे पाणी अडवत, तळी आणि विहिरी करत, तो आपल्या पाण्यावर उभा राहिला, आणि वेळ आली तेव्हा शहराला पाजता झाला. गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर आवाज मोजत फिरतात ती पर्यावरणशास्त्र विभागाची पोरे. दुसऱ्या दिवशी पेपरात डेसिबलचे आकडे येतात आणि मंडळे चिडतात. चिडू देत. आकडा असल्याशिवाय भांडणसुद्धा नीट होत नाही. पहाटे त्याच आवारात फिरायला जाणारी शेकडो माणसे आहेत, त्यांत गुडघे धरून चालणारा मीही आहे. मोर ओरडतात, पुतळ्यासमोर थांबून कुणी हात जोडते. दवाखान्याचे किती पैसे वाचले याचा रकानाही तुमच्या कागदात असू द्या, हसलात तरी चालेल.

एक कडू गोष्ट राहिली. मध्यंतरी विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघाले. विस्तार करा म्हणणारे निघाले, आहे तेच राहू द्या म्हणणारेही उभे राहिले. नाव हा जिव्हाळ्याचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. पण राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, त्यांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या मानधनावर, माणसे राबतात, त्यासाठी या गावात तसा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. ज्याच्या पीएच.डी.ची पाने मी लावली, ज्याने पेढ्याचा बॉक्स माझ्या काउंटरवर ठेवला, तोच सहा वर्षांनी माझ्याकडे क्लासची हँडबिले छापायला येतो. तासांचे बिल सहा-सहा महिने निघत नाही, म्हणून रात्री स्पर्धा परीक्षेचे क्लास. नेट, सेट, डॉक्टरेट, आणि लग्न जमत नाही. एक जण तर म्हणाला, "काका, सोनेरी अक्षरांचे पैसे वाया गेले." मी त्याच्याकडून हँडबिलांचे अर्धेच घेतले, दुसरे काय करणार? मुंबईहून येणाऱ्या पगाराच्या पैशाचे मघाशी सांगितले ना, रिकामी जागा म्हणजे त्या पैशाचा बंद नळ. ती जागा भरली असती तर एक घर, एक हप्ता, एक दूधवाला, आणि शिकवायला ताजा माणूस. जागा न भरल्याने शासनाची बचत झाली असे जे म्हणतात, त्यांनी ती बचत कुणाच्या ताटातून झाली तेही लिहावे.

शिकून पोरे जातात, हाही हिशोब उधारीच्या बाजूला मांडावा लागेल. कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने आपण वर्षानुवर्षे पदवीधर पाठवत आलो. त्यांतले काही पैसे पाठवतात, काही गावाकडे घर बांधतात आणि ते कुलूप लावून ठेवतात. त्यांना थांबवून ठेवावे असे मी म्हणत नाही, माझी स्वतःची मुलगी हिंजवडीत आहे. पण किती गेले, किती परतले आणि परतलेल्यांनी इथे काय काढले, हे कळायला हवे. विद्यापीठाकडे प्रत्येकाचे नाव आणि पत्ता असतो. फोन करायला शंभर विद्यार्थी आणि एक उन्हाळा पुरे.

आता तो कागद.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सभेत, जमाखर्चाबरोबर, गावाचा एक ताळेबंद मांडा. पंचवीस पानांच्या वर नको. मराठीत, आणि मेसवाल्या काकूंना वाचता येईल अशा मराठीत. तीन जिल्ह्यांत बाहेरून किती पैसा आला, किती घरांत पहिली पदवी पोचली, किती मुली कुठल्या तालुक्यातून आल्या आणि कितीजणी मधेच सुटल्या, किती कारखान्यांचे कोणते काम केले, किती जागा रिकाम्या होत्या आणि त्यामुळे कुठले विषय बंद पडले. भाडी वाढल्याने कुणाची गैरसोय झाली तेही घाला, नाहीतर तो जाहिरातीचा कागद होईल आणि मग तो छापायला मी घेणार नाही. मोजणी बाहेरच्या कंपनीला देऊ नका. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, तुमच्याच विभागांतली पोरे आहेत आणि त्यांना खऱ्या प्रकल्पाची गरज आहे. त्याच्या जोडीला, पीएच.डी.च्या प्रत्येक प्रबंधाबरोबर चार पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करा, आणि तो प्रबंध ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या दारात पोचवा. ग्रामपंचायत असो, कारखानदारांची संघटना असो, नाहीतर चांभारवाडा.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, याला निधीची तरतूद कुठल्या शीर्षाखाली करायची? पहिल्या वर्षाच्या छपाईचा आणि बायंडिंगचा खर्च माझ्याकडे लागला. दोनशे प्रती काढून देतो, साध्या कव्हरात, सोनेरी अक्षरे नकोत. फाइल मात्र युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये आली की सगळे जोडाक्षर मोडते आणि रात्रभर बसून मला 'विद्यापीठ' दुरुस्त करावे लागते. रविवारी दुकान बंद असते, बाकी दिवशी रात्री नऊपर्यंत उघडे आहे.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर
झेरॉक्स-बायंडिंगवाला, सागरमाळ, कोल्हापूर